वहिनींची साक्ष

वहिनींना वहिनी म्हणायचा खरा हक्क एकाच बाईला होता, त्यांच्या नणंदेला. पण ही नणंद निवडशेडमध्ये त्यांच्या शेजारच्याच स्टुलावर बसायची आणि दिवसातून चाळीस वेळा ‘वहिनी, ही बघ गं’ म्हणून ओरडायची. त्यामुळे हळूहळू त्या सगळ्या शेडच्या वहिनी झाल्या, मग फोरमनच्या झाल्या, आणि पुढे तर त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला फाटकावरचा रखवालदारही ‘काय वहिनी, आज उशीर?’ असं विचारायला लागला. हजेरीच्या वेळी यादीतलं नाव पुकारलं की त्या स्वतःच क्षणभर इकडेतिकडे बघायच्या.

बिअरच्या कारखान्यात खरा रुबाब असतो तो बिअर करणाऱ्यांचा. पांढरे कोट घालून ते तांब्याच्या हंड्यांभोवती फिरतात, हातात काचेची नळी असते, पाहुणे आले की त्यांनाच पुढे करतात. निवडशेड पाहुण्यांना कुणी दाखवत नसे. ती पार मागे, रिकाम्या क्रेटांच्या अंगणाला लागून. पत्र्याचं छप्पर, एक लांबलचक जस्ताचा पत्रा मारलेलं टेबल, चौदा स्टुलं, एका बाजूला ओळीनं खिडक्या. हवेत शिळ्या बिअरचा आंबूस वास, जो आठवड्याभरात नाकाला कळेनासा होतो आणि घरच्यांच्या नाकाला जन्मभर कळत राहतो. दुकानांतून परत आलेल्या रिकाम्या बाटल्या इथे यायच्या आणि चौदा बायका त्या वेगळ्या करायच्या. आपल्या उजवीकडे, त्यांच्या डावीकडे.

‘त्यांच्या’ म्हणजे कुणाच्या, हे सांगायचं तर साठ-सत्तर वर्षं मागे जावं लागेल. तेव्हा कारखाना एक होता आणि मालक दोन. दोघे एकमेकांचे साडू. दोन बहिणींच्या नवऱ्यांनी भागीदारी करावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण ह्यांनी केली, बारा वर्षं गोडीगुलाबीनं चालवली, आणि एका उन्हाळ्यात असे काही भांडले की एकानं उठून टेकाडावर दुसरा कारखाना काढला. कशावरून भांडले हे आता कुणालाच माहीत नाही. कोणी म्हणतं यीस्टवरून, कोणी म्हणतं बायकांवरून. यंत्रं वाटली, पिंपं वाटली, घोडेसुद्धा वाटले. नाव तेवढं वाटता येईना, म्हणून दोघांनीही ते अख्खंच घेतलं. तेव्हापासून खालच्या कारखान्याची बिअर ‘सोनकणीस’ आणि वरच्या कारखान्याची बिअरही ‘सोनकणीस’. खालच्यांच्या लेबलावर कणीस उजवीकडे झुकलेलं, वरच्यांच्या लेबलावर डावीकडे. एवढ्यावर दोन्ही घराण्यांनी तीन पिढ्या एकमेकांकडे पाठ करून काढल्या.

बाटल्यांना मात्र हे भांडण कधी कळलं नाही. दोन्हीकडच्या बाटल्या एकाच काचकारखान्यातून यायच्या, दोन्ही तपकिरी, दोन्ही गोल खांद्यांच्या. दुकानदार रिकाम्या बाटल्या हाताला लागेल त्या क्रेटमध्ये कोंबायचा. लेबलं तोवर भिजून, ओरबाडून, अर्धीमुर्धी झालेली. फरक इतकाच की मधे केव्हातरी वरच्यांनी आपला साचा नवा करून घेतला, आणि त्यांच्या बाटलीची मान आगपेटीतल्या काडीच्या जाडीइतकी जास्त उंच झाली. एवढ्यानं काय होतं? खालच्यांच्या भरणीयंत्रात अशी बाटली गेली की बूच बसवणारं डोकं खाली येतं आणि मान फटकन फुटते. सगळी रांग थांबते, अर्धा तास काचा वेचाव्या लागतात, आणि पांढरे कोटवाले निवडशेडच्या नावानं खडे फोडतात. म्हणून चौदा बायका. वरच्या कारखान्यातही अशीच एक शेड होती. दर गुरुवारी दोन ट्रक टेकाडाच्या पायथ्याशी भेटायचे, एकमेकांच्या बाटल्या एकमेकांना परत करायचे, आणि ड्रायव्हर उभ्या उभ्या चहा पिऊन आपापल्या वाटेनं जायचे. मालकांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, आणि बाटल्यांची देवाणघेवाण एखाद्या शेजारणीनं वाटी परत करावी तितकी नेमाची.

वहिनी ह्या टेबलाशी बाविसाव्या वर्षी आल्या. नवरा त्याच कारखान्यात बॉयलरवर होता, त्यानंच शब्द टाकला. पहिल्या दिवशी त्यांनी शेजारच्या म्हातारीला विचारलं, ‘ओळखायचं कसं?’ म्हातारी म्हणाली, ‘बस.’ त्यांना वाटलं, बसल्यावर सांगेल. म्हातारीनं काही सांगितलं नाही. शेडची रीतच ती होती: नवीन बाईला शिकवायचं नाही, बसवायचं. महिनाभर तिनं शेजारणीच्या हातांकडे बघायचं आणि तिनं निवडून ठेवलेल्या बाटल्या उचलून बघायच्या. ज्यांना कळायचं त्यांना आपोआप कळायचं, बाकीच्या महिना भरायच्या आत बाटल्या धुण्याच्या विभागात नाहीतर घरी जायच्या. रीत क्रूर होती असं म्हणता येईल. पण ज्या टिकायच्या त्यांना ती रास्त वाटायची, आणि कुठल्याही रीतीचं असंच असतं.

दुसरी रीत खिडकीची. चुकीची बाटली भरणीपर्यंत पोचली की तिथला माणूस ती फुटकी मान घेऊन शेडमध्ये यायचा. कुणाच्या क्रेटमधून गेली ते शिक्क्यावरून कळायचं. मग ती फुटकी बाटली त्या बाईच्या समोरच्या खिडकीत दिवसभर उभी ठेवायची. कुणी बोलायचं नाही, दंड नाही, काही नाही. बाटली फक्त उभी असायची. पहिल्या वर्षी वहिनींच्या खिडकीत इतक्या बाटल्या उभ्या राहिल्या की बाहेरचं काही दिसत नसे. तिसऱ्या वर्षी दोन. आणि आता अकरा वर्षं झाली, खिडकी रिकामी होती.

कसं ओळखतेस, असं नवऱ्यानं एकदा जेवताना विचारलं होतं. वहिनींनी घास चावता चावता बराच विचार केला आणि म्हणाल्या, ‘हात सांगतो.’ ह्याहून जास्त त्यांना सांगता येईना. अंगठा खांद्यावरून फिरायचा, साच्याचा जोड जिथे संपतो तिथे थबकायचा, आणि तोवर बाटली आपल्या बाजूला गेलेली असायची. दोन्ही हातांनी दोन बाटल्या एकदम, तोंडानं गप्पा चालू. बिअर त्यांनी आयुष्यात एकदाच चाखली होती, आणि लोक ह्यासाठी रांगा लावतात याचं त्यांना फार नवल वाटलं होतं.

त्यांच्या नोकरीच्या एकतिसाव्या वर्षी खटला सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. खालच्या कारखान्याचे तरुण मालक, म्हणजे खालीच राहिलेल्या साडूचे नातू, यांनी तो घातला. निमित्त असं झालं की वरच्यांची एक खेप आंबट निघाली आणि शिव्या खालच्यांना पडल्या. दुकानदारांनी क्रेटच्या क्रेट खालच्या फाटकावर आणून आदळले, आणि ‘ही आमची नव्हे’ हे पटवता पटवता विक्रीच्या साहेबांच्या तोंडाला फेस आला. तेव्हा तरुण मालक म्हणाले, आता पुरे, नाव एकाचंच राहील. कोर्टात आधी जुनी लेबलं गेली, मग जुने फोटो, मग दोन्ही आज्यांची पत्रं. त्या पत्रांत बिअरबद्दल एक अक्षर नव्हतं, सगळं लोणी आणि लेकरांबद्दल. वरच्यांचं म्हणणं सरळ होतं: नाव दोघांचं, पण माल वेगळा ओळखू येतो, गिऱ्हाइकाची फसवणूक होत नाही. मग भांडण कशाचं?

आणि हे सिद्ध करायला त्यांनी साक्षीदार म्हणून बोलावलं वहिनींना.

शेडमध्ये कागद आला तेव्हा फोरमननं तो दोनदा वाचला. खालच्या कारखान्यातली बाई, वरच्या कारखान्याची साक्षीदार! नणंदेनं तिथेच कपाळाला हात लावला. पण दुपारच्या सुट्टीत तिचं डोकं चालायला लागलं. तिला गुरुवारच्या ट्रकच्या ड्रायव्हरकडून एक बातमी कळली होती. वरचे हरले तर त्यांना नाव बदलावं लागणार, लेबल बदलावं लागणार आणि बाटलीही. हिरवी बाटली करायचं त्यांनी ठरवूनसुद्धा ठेवलं होतं.

‘हिरवी!’ नणंद म्हणाली. ‘हिरवी आणि तपकिरी वेगळी करायला चौदा बायका कशाला लागतात, वहिनी? एक बाई पुरे. तीही आंधळी नसली म्हणजे झालं.’

बाकीच्या बायकांनी हातातले घास परत डब्यात ठेवले.

‘म्हणजे आपले मालक जिंकले तर आपण घरी,’ कोपऱ्यातली एक म्हणाली.

‘आणि हरले तर आहे तसं. दोन सोनकणसं, तपकिरी बाटल्या, आपण.’ नणंदेनं वहिनींचा दंड धरला. ‘तू तिथं जायचंस आणि एकच सांगायचंस. सोपं आहे. कुणालाही ओळखू येतं. झालं. मग आपले मालक आपोआप हरतात.’

नणंदेच्या बोलण्यात स्वार्थ होता, आणि तो तिनं लपवलाही नव्हता. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती भावाच्या घरी राहत होती. पेन्शनला चार वर्षं उरली होती. तोवर शेड टिकली तर म्हातारपणी तिला भावाच्या ताटाकडे बघावं लागणार नव्हतं. भाऊ काही बोलणारा नव्हता, वहिनी तर नव्हतीच. तरी ज्याचं त्याला कळतं. वहिनींनाही ते कळत होतं. त्या म्हणाल्या, ‘सांगेन की. त्यात काय आहे?’ आणि त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं.

आठवडाभर घरात तालीम चालली. पोळपाटाशी वहिनी, टेबलाशी नणंद. नणंद वकिलासारखा आवाज काढून विचारायची, ‘तर मग बाई, हे काम कसं आहे?’ वहिनी म्हणायच्या, ‘सोपं आहे.’ नणंद म्हणायची, ‘असं तोंड वाकडं करून नाही. हसून सांग.’ बॉयलरवाले नवरोबा आता निवृत्त होते. ते गुडघ्याला तेल चोळत हे सगळं ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, ‘खोटी साक्ष देऊ नये हं.’ त्यावर नणंद म्हणायची, ‘दादा, खोटं कुठे? वहिनीला सोपंच जातं ना ते!’ ह्यावर ते पुन्हा तेल चोळायला लागायचे. वहिनींना सोपं जात होतंच.

साक्षीच्या आदल्या दिवशी व्यवस्थापकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. ते म्हणाले, ‘आमचं काही म्हणणं नाही, वहिनी. जे खरं आहे ते सांगा.’ आणि इतके गोड हसले की वहिनी खुर्चीच्या काठावरच बसून राहिल्या.

कोर्ट दुसऱ्या मजल्यावर होतं. वहिनींनी कल्पना केली होती त्यापेक्षा खोली बरीच लहान आणि अस्वच्छ. बाकांची पॉलिशं उडालेली, पंखा एका बाजूला खडखडत फिरणारा, भिंतीशी फायलींचे गठ्ठे. नणंद रजा टाकून आली होती. ती मागच्या बाकावर, वहिनींना बरोबर दिसेल अशी जागा धरून बसली.

वरच्या कारखान्याचा वकील तरुण आणि उत्साही. त्यानं टेबलावर वीस बाटल्या मांडायला लावल्या, सगळ्यांची लेबलं खरवडून काढलेली. त्याला मोठा चमत्कार दाखवायचा होता. तो म्हणाला, ‘बाई, ह्यातल्या खालच्या कारखान्याच्या कुठल्या आणि वरच्या कुठल्या, हे न्यायालयाला दाखवा.’

वहिनींनी टेबलाकडे पाहिलं. ‘हे फार उंच आहे. आणि मला स्टूल लागेल.’

स्टूल आणलं गेलं. टेबल बदलायला पाच मिनिटं गेली. मग वहिनींनी पदरानं हात कोरडे केले आणि बसल्या. बसल्याबरोबर त्यांची भीती गेली. पुढे बाटल्या होत्या, आणि बाटल्यांसमोर त्या कधीच कुणाला घाबरल्या नव्हत्या. हात चालायला लागले. उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, उजवीकडे. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. एक बाटली उचलून वहिनी थबकल्या, तिचा खांदा चाचपला, तिला टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि पुढे गेल्या. सगळं मिनिटाच्या आत संपलं.

‘ही मधली?’ तरुण वकिलानं विचारलं.

‘ही बिअरची नाहीच. व्हिनेगरची आहे. तुमच्या माणसानं चुकून आणली असणार.’

कोर्टात हशा पिकला. वकिलाच्या कारकुनाचा चेहरा उतरला, त्यानं यादी तपासली आणि मान हलवली. बाकी एकोणीसच्या एकोणीस बरोबर होत्या. न्यायाधीश स्वतः पुढे झुकून बाटल्या बघायला लागले, एक उजवीकडची, एक डावीकडची, आणि त्यांना काही फरक दिसेना हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. वहिनींना फार आनंद झाला. एकतीस वर्षांत ह्या कामाकडे असं टक लावून कुणी पाहिलं नव्हतं. लग्नातसुद्धा इतके डोळे त्यांच्यावर नव्हते.

तरुण वकील म्हणाला, ‘म्हणजे दोन्ही बाटल्या ओळखता येतात. मला आणखी काही विचारायचं नाही.’ आणि विजयी मुद्रेनं खाली बसला. नणंदेनं मागून मान डोलावली. अर्धं काम फत्ते झालं होतं.

मग खालच्या कारखान्याचे वकील उठले. हे म्हातारे, सर्दी झालेले, एका हातात रुमाल. ते बाटल्यांपर्यंत हळूहळू चालत आले, एक उचलली, उलटीपालटी केली आणि परत ठेवली.

‘छान,’ ते म्हणाले. ‘गंमत वाटली बघून. म्हणजे अगदीच सोपं काम दिसतंय हे, बाई. नाही का? कुणीही बसावं आणि करावं. आमच्या घरी स्वयंपाकाला बाई येते, तिनंही केलं असतं.’

हाच तो प्रश्न. आठवडाभर पोळपाटाशी घोटलेला, फक्त आवाज नणंदेऐवजी म्हाताऱ्याचा. वहिनींच्या तोंडात शब्द तयार होता. त्यांनी मागे नणंदेकडे पाहिलं. नणंद हसत होती, म्हणजे हसून सांग असं सुचवत होती. वहिनींनी तोंड उघडलं. आणि मग त्यांच्या मनात तो म्हातारा पुन्हा बोलला, कुणीही बसावं आणि करावं, आणि त्यांची कानशिलं तापली.

‘सोपं?’ वहिनी म्हणाल्या. ‘या ना, बसा एक दिवस आमच्याबरोबर!’

नणंदेचं हसू तिथेच गोठलं.

‘का हो?’ म्हाताऱ्यानं अगदी भोळेपणानं विचारलं. ‘शिकायला फार वेळ लागतो?’

‘दोन वर्षं. तेव्हा कुठे हात बसतो. मला हातमोजे घालून जमायला सात लागली.’

‘असं? आणि नव्या बायका येतात त्या?’

‘दहा आल्या तर सहाजणी महिन्याच्या आत पळतात. मुकादमाची मुलगी आली होती, शिकलेली, चष्मा लावणारी. अठरा दिवसांत रडत गेली.’ वहिनी आता थांबायला तयार नव्हत्या. एकतीस वर्षं जे कुणी विचारलंच नव्हतं ते हा माणूस विचारत होता, आणि कोर्टात ते सगळं लिहून घेतलं जात होतं. त्यांनी खिडकीची रीत सांगितली. अकरा वर्षांची रिकामी खिडकी सांगितली. साच्याचा जोड सांगितला, जो त्यांनी नवऱ्यालाही सांगितला नव्हता, कारण तो सांगता येतो हे त्यांना आत्ताच कळत होतं.

‘कमाल आहे,’ म्हातारे म्हणाले, आणि शिंकले. ‘मग बाई, शेवटचं एक. दुकानात गिऱ्हाईक येतं. संध्याकाळी, घाईत, गर्दीत. त्याला ह्या दोन बाटल्यांतला फरक कळत असेल का?’

‘गिऱ्हाइकाला?’ वहिनींना हसूच आलं. ‘गिऱ्हाइकाला काय कळतंय डोंबलाचं!’

पुन्हा हशा झाला. न्यायाधीशही हसले, आणि हसता हसता त्यांनी पेन उचललं. तरुण वकील तेवढा हसला नाही. तो आपल्या कागदांकडे बघत बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते. वहिनी स्टुलावरून उठल्या, मागे वळल्या, आणि नणंदेची जागा रिकामी दिसली तेव्हा आपण काय करून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं.

निकाल तीन महिन्यांनी लागला. खालच्या कारखान्यात पेढ्यांऐवजी बिअर वाटली गेली, जी वहिनींनी घेतली नाही. व्यवस्थापकांनी त्यांना फुलांचा गुच्छ दिला, आणि निकालाची एक प्रतही, आठवण म्हणून. घरी नवऱ्यानं चष्मा पुसून त्यातलं ते पान काढलं आणि वाचलं. ‘साक्षीदार बाईंचं कौशल्य असामान्य आहे, त्याबद्दल न्यायालयाला तिळमात्र शंका नाही. परंतु ज्या दोन वस्तू वेगळ्या ओळखण्यासाठी असं असामान्य कौशल्य आणि वर्षानुवर्षांचा सराव लागतो, त्या सामान्य ग्राहकाला ओळखता येतील, असं म्हणता येणार नाही. खुद्द साक्षीदारांच्या मते ग्राहकाला ह्यातलं मुळीच काही कळत नाही.’

‘मुळीच कुठे म्हणाले होते मी,’ वहिनी म्हणाल्या.

‘कोर्टाच्या कागदावर डोंबल लिहीत नसतील,’ नवरा म्हणाला.

‘वरचं पुन्हा वाचा.’

‘कुठलं?’

‘असामान्य.’

त्यानं पुन्हा वाचलं. नणंद चुलीपाशी होती, ती भांडं तसंच ठेवून आतल्या खोलीत निघून गेली. वहिनींना लाज वाटली. तरी त्यांनी ते पान घडी करून आपल्या पेटीत ठेवलं, कारण एवढ्या वर्षांत त्यांच्या हाताबद्दल कुणी लिहिलेली ती एकुलती एक गोष्ट होती.

सहा महिन्यांत हिरव्या बाटल्या आल्या. वरच्या कारखान्यानं नवं नाव घेतलं, जे कुणाच्या तोंडात बसलं नाही. रिकाम्या क्रेटांत हिरवं आणि तपकिरी पार दारातूनच दिसायला लागलं, आणि ते बाजूला करायचं काम क्रेट उतरवणारे हमालच जाता जाता करायला लागले. शेडमधल्या चौघींना धुण्याच्या विभागात घेतलं. वहिनींना घेणारच होते, मालकांनी तसं सांगून ठेवलं होतं, पण नणंदेनं त्यांच्या हातून ती जागा घेतली नाही, म्हणून त्यांनी आपल्या जागी कोपऱ्यातल्या बाईला पाठवलं. बाकीच्या गेल्या. नणंदही गेली. जस्ताचं टेबल उचलून क्रेट ठेवायला अंगणात टाकलं, तिथे पावसानं त्याचे पाय गंजले. तेरा जणींपैकी एकही वहिनींना टाकून बोलली नाही, हे खरं म्हणजे बोलण्यापेक्षा वाईट होतं. रस्त्यात भेटल्या की ‘बऱ्या आहात ना, वहिनी?’ म्हणायच्या आणि पुढे जायच्या.

घरात नणंद कामापुरतं बोलायची. मीठ दे, दार लाव, दादाच्या गोळ्या झाल्या का. हे वर्षभर चाललं. नवऱ्यानं दोनदा मधे पडायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा दोघींनी मिळून त्याला गप्प केलं.

मग एका सकाळी दोघी अंगणात घोंगड्या झटकत होत्या. वारा होता, धूळ परत तोंडावर येत होती. नणंद एकदम थांबली.

‘एक शब्द होता, वहिनी. आठवडाभर म्हणत होतीस.’

हे कधीतरी येणार हे वहिनींना माहीत होतं. त्यांच्याकडे उत्तरही तयार होतं, वर्षभर घोटून ठेवलेलं. ‘मग एकतीस वर्षं मी काय केलं?’ त्या म्हणाल्या. ‘सोपं म्हटलं असतं, तर काय केलं मी एकतीस वर्षं? आणि तू काय केलंस सव्वीस वर्षं? तुला तरी म्हणता आलं असतं का?’

नणंदेनं घोंगडी दोरीवर टाकली, तिची कडा सारखी केली. तिला राग आलेला नव्हता. तिनं खरोखरच विचार केला, आणि मग शांतपणे म्हणाली, ‘हो. मला आलं असतं.’

नणंद खोटं बोलत नव्हती, हे वहिनींना दिसत होतं. नणंदेचा हातही काही कमी नव्हता. तिच्या खिडकीत वर्षाला एखादी बाटली उभी राहायची, त्याहून जास्त नाही. तिनं त्या कोर्टात हसून ‘सोपं आहे’ म्हटलं असतं आणि तेरा बायकांना घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या स्टुलावर येऊन बसली असती. वहिनींना फार वाईट वाटलं. आज पुन्हा कुणी त्या स्टुलावर बसवून विचारलं तरी आपल्या तोंडून तेच निघेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि हे नणंदेला सांगायची त्यांना हिंमत झाली नाही.